हौसामावशीच्या दोन तारा

मी रेल्वेत तारेवर होतो असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी कुठल्याशा स्टेशनात पंख्याखाली बसून कडकट्ट करीत असणार. ती तार बाबूलोकांची. आमची तार उघड्यावरची. तिच्यातून निरोप जात नसे, ओढ जात असे. मी सिग्नल फिटर होतो. लोणावळ्याला क्वार्टर, आणि खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतचा रूळ रोज पायाखाली.

ज्यांनी सिग्नल फक्त डब्याच्या खिडकीतून पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगतो. केबिनमध्ये लोखंडी दांडे असतात. दांडा ओढला की त्याला जोडलेली तार ओढली जाते. ती रुळाच्या कडेने छोट्या पुल्यांवरून धावत लांबच्या खांबापर्यंत जाते आणि तिथला आडवा लाल हात खाली पडतो. हात आडवा, तर गाडीने थांबायचं. हात पडला, तर यायचं. यात कठीण एवढंच की तार ऋतूप्रमाणे वागते. वैशाखातल्या दुपारी ती लांबते, मग दांडा कितीही ओढा, हात अर्धवटच पडतो आणि ड्रायव्हर गाडी उभी करून शिट्ट्या फुंकत बसतो. पौषातल्या पहाटे तीच तार आखडते आणि कुणी न सांगता हात कलायला लागतो. ती उन्हाळ्यात आवळायची आणि थंडीत ढिली सोडायची, हाच माझा जन्मभराचा धंदा. बरोबर तेलाचा डबा, पाना, पक्कड आणि हाताखालचा भिकू खलाशी. भिकू भाजे गावचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि माझ्यापेक्षा शंभर पटीने गप्प.

मी सांगणार आहे ती गोष्ट विजेची इंजिनं यायच्या आधीची, पहिलं महायुद्ध संपून चारपाच वर्षं झाली होती तेव्हाची.

मळवली स्टेशनावर त्या काळी हौसामावशी म्हणून एक बाई यायची. डोंगरातल्या कोळ्यांपैकी, राहायची लोहगडवाडीला. उन्हाळ्यात करवंदं, पुढं जांभळं, कधी मधाचं पोळं, असं काहीबाही पाटीत घेऊन ती दोन तासांचा डोंगर उतरायची. नवरा तरुणपणीच गेलेला. एकुलता मुलगा धोंडू मुंबईला गिरणीत. आवाज असा की पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यालाही करवंदं आल्याचं कळावं. मी आणि भिकू पुलीला तेल घालत बसलेले दिसलो की पळसाच्या पानात मूठभर करवंदं टाकून म्हणायची, "खा रं तारवाल्यांनो, तुमचं त्वांड सुकलंया."

एका वर्षी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, गाडीला किती येळ हाय?" मी हातभर अंतरावर होतो. तिने मला ओळखलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती आलीच नाही. भिकूने चौकशी करून सांगितलं, मावशीचे दोन्ही डोळे गेले. मुलाने पुण्याला डॉक्टरकडे नेलं होतं, पण काचबिंदू फार पुढं गेलेला. मग त्याने तिला मुंबईला चाळीत नेलं, तर महिन्याभरात ती भांडून परत आली.

पावसाळा असाच गेला. माघात एका सुट्टीला आम्ही दोघं वर गेलो. मावशीचं घर वाडीच्या अगदी टोकाला. ती उंबऱ्यात बसून नाचणी निवडत होती.

"कोन हाय?"

"मावशी, मी तारवाला. मळवलीचा."

"आगं बया! ये, बस. तुजं बूट वळखलं न्हाई म्या."

बोलता बोलता मी विचारलं, मुंबईला का नाही राहिलात?

"तितं भितीला हात लावावा, तर ती दुसऱ्याची भित. हितं मला समदं ठावं हाय बाबा. कुटं धोंडा हाय, कुटं जांभळ हाय. फकस्त पाय कुटं पडतोय त्ये दिसत न्हाई. आन पल्याड कडा हाय."

तिच्या घरापासून पाण्याचा झरा शंभरएक पावलं. वाट उतरती, एका बाजूला घळ. शेजारची रखमा रोज तिचा हंडा भरून द्यायची. मी त्या वाटेकडे पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांना वाट दिसतच नव्हती. मला दिसत होता केबिनपासून सिग्नलपर्यंतचा तारेचा मार्ग. उतरताना मी भिकूला म्हणालो, "हिला एक तार बांधून देऊ." भिकू म्हणाला, "व्हय." त्या दिवशीचं त्याचं तेवढंच बोलणं.

तार कुठून आणली, तेही सांगून टाकतो. सेक्शनवरची गंजलेली तार बदलली की जुनी तार स्टोअरला परत करायची, असा नियम होता. जुन्या तारेचे बरेच तुकडे झुडपात पडून असत. त्यातलेच बरे तुकडे आम्ही जोडले. हे नियमात बसतं का, याचा तेव्हा विचार केला नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं तर विचार केला होता आणि बाजूला ठेवला होता.

खांब ऐनाच्या टणक लाकडाचे, वाडीतल्या लोकांनीच तोडून आणले. तार कमरेच्या उंचीवर घेतली. खांब तिच्या हाताच्या पलीकडच्या बाजूला येतील असे ठोकले, म्हणजे हात अडकणार नाही. गंज घासून काढला, वरून करंजाचं तेल चोळलं. झरा दहा पावलांवर आला हे कळावं म्हणून तिथे बारीक तारेचे वेढे घट्ट गुंडाळले. बोटांना ते लागले की समजायचं, आता पाय जपून.

पहिल्या दिवशी सगळी वाडी गोळा झाली. डाव्या हातात तार, उजव्या कमरेवर कळशी, अशी मावशी निघाली. वेढ्यांपाशी थांबली, बोटं फिरवली, हसली. मग खाली वाकून तिने पाण्यात हात घातला आणि ओरडली, "पोचले गं बाई!" त्या दिवशी मला आपण चीफ इंजिनियर झाल्यासारखं वाटलं. उतरताना मी मोठ्याने गात होतो. भिकू माझ्यापासून जरा लांबून चालत होता.

दीड महिन्याने पुन्हा गेलो तर मावशीचा हंडा रखमाच भरत होती. मावशी दोनतीन दिवसांतून एखादी खेप करायची. माझ्या मनाला ते लागलं. एवढी तार मी खांद्यावरून वर नेली होती!

घरी आल्यावर मी कुटुंबापाशी कुरकुर केली. माझी बायको द्वारका तळेगावची, बोलायला रोखठोक. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी येते." आली. मला आणि भिकूला तिने बाहेर बसवलं आणि दोघी बायका आत तासभर बोलत राहिल्या.

डोंगर उतरताना द्वारका मला म्हणाली, "तुम्ही पाण्याची तार ओढलीत. पाणी काय, कुणीही आणून देतं. तिला विचारलंत का, काय हवं ते?"

"मग काय हवं?"

"परसाकडे कुणाचा हात धरून जायचं?"

मी चालता चालता थांबलो. द्वारका पुढं बोलतच होती. रखमा उठेपर्यंत म्हातारी कळ सोसून बसते. रखमा शेतावर गेली की दिवसभर तसंच. म्हणून ती संध्याकाळी जेवत नाही. पाणीसुद्धा घोटभर पिते. मुंबईच्या चाळीतून ती पळाली तीही याच कारणाने. तिथे सगळ्या मजल्याची रांग, आणि सून हात धरून उभी. "धोंडूला ती हे सांगू शकत नव्हती," द्वारका म्हणाली, "आणि तुम्हालाही नाही."

सांगतो, नोकरीत मी पुष्कळ साहेबांची बोलणी खाल्ली. पण त्या उतारावर मला जी शरम वाटली तशी कुठल्याच बोलण्याने वाटली नाही. मी एका बाईचं आयुष्य सोपं करायला निघालो होतो, आणि तिला एक प्रश्न विचारण्याचं मला सुचलं नव्हतं.

दुसरी तार वैशाखात बांधली. घराच्या मागच्या दारापासून चाळीस पावलं, करवंदीच्या जाळीमागे. द्वारकेने रखमाला हाताशी धरून कारवीच्या काड्यांचा आडोसा करून घेतला. कुठली तार कोणती हे कळावं म्हणून दाराशीच खूण केली: झऱ्याच्या तारेला एक वेढा, मागच्या तारेला दोन. एक खांब मात्र कमी पडला. ऐनाचा मिळेना, म्हणून मी सावरीचा ठोकला. सावरीचं लाकूड मऊ, पाणी पिणारं. पुढच्या खेपेला बदलू, असं मी भिकूला म्हणालो.

त्या उन्हाळ्यात मावशी अंगाने भरली. रखमा सांगायची, "आता दोन भाकरी खाती म्हातारी." आणि गंमत म्हणजे पाण्याच्या खेपाही ती आपणच करायला लागली. भरपूर पाणी प्यायची सोय झाल्यावर तिला पाण्याच्या तारेचं महत्त्व पटलं असावं.

श्रावणात गायमुख खिंडीतून ढग आत शिरला की लोहगडवाडीत हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. अशा दिवसांत झऱ्यावर जाणारी डोळस माणसंही मावशीची तार धरून जायला लागली. "आंधळीच्या तारेला काय करायचं?" असं सुरुवातीला हसणारा एक गृहस्थ धुक्यात वाट चुकला, तारेला धडकला आणि तीच धरून घरी आला. मावशी त्याला म्हणाली, "धर, धर. पर तेल पुसू नगंस."

दसऱ्यानंतर आमच्या खात्यात एक गडबड झाली. कुठल्याशा स्टेशनावरच्या एका माणसाने जुनं लोखंड घरी नेलं म्हणून त्याला काढून टाकलं. स्टोअरकडून विचारणा सुरू झाली, कुठल्या सेक्शनवरची जुनी तार किती परत आली. मी घाबरलो. घरात तीन लेकरं, क्वार्टर कंपनीचं. मी लोहगडवाडीची वाट सोडली. थंडी गेली, उन्हाळा गेला. मळवलीला काम असलं की मी डोंगराकडे पाठ करून बसायचो. भिकूने एकदाच विचारलं, "मावशीच्या तारंचं?" मी म्हणालो, "बघू." सावरीचा खांब माझ्या डोक्यात होता. तरी मी म्हणालो, बघू.

भाद्रपदात भिकू सकाळी कामावर आला आणि तेलाचा डबा खाली ठेवून म्हणाला, "मावशी पडली."

खांब बुडाशी कुजला होता. तिने भार टाकला तसा तो आडवा झाला आणि तारेसकट ती उतारावरून गेली. करवंदीच्या जाळीने अडवलं म्हणून कड्यापर्यंत गेली नाही.

मी त्याच दिवशी रजा मागून वर गेलो. मावशी भिंतीला टेकून बसलेली. डावं मनगट बांबूच्या कामट्यांत बांधलेलं, अंगभर ओरखडे. मुंबईहून धोंडू आला होता. त्याने मला पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"तुमीच का त्ये तारवाले? तुमच्या तारंनं माजी आई मेली असती!"

"तारंनं न्हाई," मावशी म्हणाली. "तार कुटं तुटली? खांब कुजला." मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "वरीस झालं. का आला न्हाईस रं?"

मला कारणं सुचत होती. लेकरू आजारी होतं, काम होतं. पण तिच्या त्या तोंडाकडे पाहून खोटं बोलवेना. मी सांगून टाकलं. तार कंपनीची आहे, नोकरी जाईल म्हणून भ्यालो.

तिने बांधलेलं मनगट मांडीवर नीट ठेवलं.

"मंग तसं सांगाया पायजे व्हतं. तू येशील म्हून म्या कुनाला बोलावलं न्हाई. वाडीत काय खांब ठोकनारं न्हाईत व्हय?"

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला कुठे तोंड लपवू असं झालं.

धोंडू म्हणत होता, आता पुरे, चल मुंबईला. ती म्हणाली, "पुन्यांदा पडले तर येईन. एकडाव पडले म्हून घर सोडू? तू चालाया शिकलास तवा किती डाव पडलास?" धोंडू परत खाली बसला. आठ दिवस रजा वाढवून राहतो, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी आपणहोऊन आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांपुढे उभा राहिलो. साहेब मूळचे कर्नाटकाकडचे. मराठी चांगलं बोलत, पण शब्द मोजून. मी सगळं सांगितलं. दुसऱ्या तारेचं कारण सांगताना अडखळलो, तेव्हा त्यांनी हाताने पुढं सांग अशी खूण केली.

"परवानगी घेतली होती?"

"नाही साहेब."

"लेखी दे."

मी तिथेच बसून लिहून दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "तार सैल झाली तर ताणतो कोण?"

"मीच."

"म्हणजे तू आजारी पडलास की बाई अडली. हा काय फिटरपणा?"

त्यांनी मला मेमो दिला. तो सर्व्हिस बुकात लागला आणि माझी मिस्त्रीची बढती तीन वर्षं मागे गेली. पण जुन्या तारेची रीतसर मंजुरीही त्यांनीच वरून आणून दिली, आणि त्या मंजुरीत मोडीतले दोन आटे घातले. आटा म्हणजे तारेच्या मधे बसवायची लोखंडी चौकट. तिचा स्क्रू फिरवला की तार आवळते, उलटा फिरवला की सुटते. सिग्नलची तार आम्ही त्यानेच सांभाळायचो. तो मावशीच्या तारेला लावायचं मला सुचलं नव्हतं, कारण तिची तार मीच सांभाळणार अशी माझी ऐट होती.

धोंडूने आणि मी मिळून सगळे खांब नवे ठोकले, सगळे ऐनाचे. आटे दोन्ही तारांच्या सुरुवातीला, दाराशी बसवले. आणि मावशीचं मनगट बरं झाल्यावर मी तिला माझा धंदा शिकवला. रोज सकाळी प्रत्येक खांब हलवून बघायचा. "दात हालतोय का बगत्यात तसं," ती म्हणाली. तार बोटाने छेडायची. ताणलेली तार टणकन बोलते, सैल तार नुसतीच भदभदते. मग पाना घालून आटा फिरवायचा, दर वेळी अर्धाच फेरा. पहिल्या खेपेला तिने इतक्या जोरात पिळलं की दोन खांबांवरचे खिळे उपटून आले आणि तार सपकन तिच्या पायाशी पडली. मी धावलो. ती हसत होती. "लयच वढली का रं?" महिनाभरात तिचा कान इतका तयार झाला की भिकू म्हणाला, "हिला केबिनला लावा."

त्यानंतर माझ्याकडे अशी आणखी दोनचार कामं आली. आता मी आधी विचारायला शिकलो होतो. तळेगावात एक बहिरे निवृत्त स्टेशनमास्तर एकटे राहायचे. लोकांना वाटायचं, त्यांना कानात धरायचं नळकांडं हवं. मी पाटीवर लिहून विचारलं. त्यांनी उत्तर लिहिलं: "मला लोकांचं ऐकायचं नाही. दाराशी कोण आलं एवढं कळावं." मी फाटकापासून त्यांच्या टेबलापर्यंत तार नेली आणि भिंतीवर वीतभर लांबीचा सिग्नल बसवला. पाहुण्याने फाटकाशी कडी ओढली की मास्तरांपुढे हात पडायचा. तो लाल रंगाचाच हवा आणि त्यावर पांढरा पट्टा हवा, नाहीतर नियमबाह्य होईल, असा त्यांचा आग्रह. नको असलेला पाहुणा खिडकीतून दिसला की ते हात पुन्हा आडवा करून ठेवीत, असं ऐकून आहे.

पुढे माझी बदली घाटाखाली झाली. विजेची इंजिनं आली. मावशी त्या घरात शेवटपर्यंत एकटी राहिली आणि तिथेच गेली; अंथरुणाला खिळली ती फक्त चारच दिवस, तेव्हा धोंडू उशाशी होता. मला ते पत्राने कळलं. पण मला आठवते ती त्याच्या दोन वर्षं आधीची भेट.

बदलीनंतर चारेक वर्षांनी मी वर चाललो होतो, भिकूशिवाय. तो तेव्हा निवृत्त झाला होता. इतक्या वर्षांत तारांचं काय झालं असेल या काळजीने पिशवीत पाना, पक्कड, खिळे, तेल, सगळं भरून घेतलं होतं. घराशी पोचलो तर दार उघडं, आत कुणी नाही. मी हाका मारीत घराच्या मागे गेलो.

"कोन हाय?" कारवीच्या आडोशाआडून आवाज आला. "हाय तितंच ऱ्हा!"

मी गर्रकन पाठ फिरवून उभा राहिलो. समोर मावळ पसरलेलं होतं, खाली मळवलीकडे एक गाडी धुराशिवाय चालली होती. मागे तारेवरून हात घासत आल्याचा आवाज जवळ आला.

"वळ आता. कोन तू?"

"मी तारवाला, मावशी."

"आरं द्येवा! म्हातारा झालास का रं? पाय घासतुयास."

ती हात धुवायला पुढच्या दाराकडे गेली. तेवढ्यात मी पिशवीतून पाना काढला आणि आट्याकडे हात नेला. तिने पान्याचा आवाज ओळखला.

"हात लावू नगंस," मावशी म्हणाली. "सकाळीच पिळलीया म्या."

मी पाना पिशवीत घातला आणि ओट्यावर बसलो. ती झऱ्याच्या तारेने खाली गेली, कळशी भरून आली आणि मला तांब्याभर गार पाणी दिलं.